मिरचीचा तिखटपणा कुठे असतो?



या सदरातून आम्ही नेहमी इतरांच्या चुका दाखवतो. आज आमच्याच एका चुकीची हकिकत सांगायची आहे.

गेल्या वर्षावासात पिंपळगाव रेणुकाईच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. भोकरदन तालुक्यातले हे गाव मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात हिरव्या मिरचीची आवक भरात असते. दिवसभर मिरची तोडून आलेल्या बाया, पोती उचलून आलेले हमाल, शाळा-कॉलेजची मुले अशी पन्नासेक माणसे वंदनेला जमत. ऑफिस सुटल्यावर येऊन वाचन करण्याचे काम आमच्याकडे होते.

एके दिवशी आत्मा नाकारणारा भाग वाचून झाला आणि मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकणारी. म्हणाली, “काका, आत्मा नाही म्हणता. मग पुनर्जन्म कोणाचा? केलेल्या कर्माचं फळ कोणाला मिळतं?”

आम्ही म्हणालो, “पोरी, वाचनात मध्येच बोलू नये. पुढे ऐक, आपोआप कळेल.” दोन-चार जण हसले. मुलगी खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

खरे सांगायचे तर शिस्तीचे फक्त निमित्त होते. उत्तर आम्हाला येत नव्हते. ज्या कागदाचे उत्तर सुचत नाही त्यावर “पुढील कार्यवाहीसाठी सादर” असा शेरा मारून तो पुढच्या टेबलावर ढकलायचा, ही कारकुनाची जुनी सवय. त्या दिवशी आम्ही एका मुलीच्या प्रश्नावर तोच शेरा मारला.

रात्री झोप लागेना. ग्रंथ पुन्हा उघडला, तोही अगदी पहिल्या पानांपासून. दरवर्षी आम्ही थेट सिद्धार्थाच्या जन्मापासून वाचायला सुरुवात करतो आणि प्रास्ताविक सोडून देतो. त्या रात्री ते नीट वाचले आणि मान खाली गेली. बाबासाहेबांनी ग्रंथाची सुरुवातच चार प्रश्नांनी केलेली आहे. पहिला असा की, सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून, हे परंपरेचे उत्तर त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी हे काही पाहिलेच नसेल, असे कसे मानायचे? दुसरा प्रश्न चार आर्यसत्यांविषयी आहे. ती मुळात बुद्धाच्याच शिकवणीतली आहेत काय, असे विचारण्याचे धाडस बाबासाहेब करतात. चौथा असा की, भिक्खू कशासाठी? स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? आणि तिसरा प्रश्न तोच, जो त्या मुलीने विचारला होता. आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? वाचकांनी विचाराला लागावे आणि उत्तरे शोधायला हातभार लावावा, ही अपेक्षाही त्यांनी तिथे व्यक्त केली आहे. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. म्हणजे जाताना त्यांनी आपल्या हाती उत्तरांबरोबर प्रश्नही सोपवले होते. आणि आम्ही त्याच ग्रंथाच्या वाचनात एका प्रश्नाला खाली बसवले!

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. वडील मिरचीच्या बाजारात हमाल, आई तोडणीला जाणारी. वडिलांनी पाणी दिले आणि म्हणाले, “बरं झालं भाऊ तुम्ही आले. हिला समजावा. कॉलेजात तत्त्वज्ञान म्हणून काही विषय घेतला हिनं. त्यानं कुठं पोट भरतं का? बदलून टाक म्हणतो तर ऐकत नाही.”

मुलगी कोपऱ्यात गाईड घेऊन बसली होती. पहिलेच वाक्य तत्त्वज्ञानाच्या व्याख्येचे, इतके लांब की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरावी. आम्ही गाईड मिटले. समोर सुपात मिरच्या होत्या. त्यातली एक उचलून आम्ही विचारले, “सांग, तिखटपणा कुठे आहे? मिरचीत की जिभेत?”

ही युक्ती आमची नाही. बर्ट्रांड रसेल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९१२ साली नवशिक्यांसाठी तत्त्वज्ञानातील समस्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात व्याख्येने होत नाही, समोरच्या साध्या टेबलाने होते. टेबलाचा रंग इथून एक दिसतो, तिथून दुसरा, दिव्याखाली तिसरा. मग टेबलाचा खरा रंग कोणता? याच रसेलच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे परीक्षण बाबासाहेबांनी १९१८ साली अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात लिहिले होते. रसेलला टेबल सापडले, पिंपळगावात मिरचीपेक्षा जवळचे काय सापडणार?

मुलगी म्हणाली, “जिभेत. कारण पोपट मिरची मजेत खातो. त्याला तिखट लागत नाही.”

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “जिभेत असतं तर तोडणीवरून आल्यावर हात कामून जळतात? हाताला काय जीभ असते?”

आम्ही गप्प झालो. मुलगी विचारात पडली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग तिखटपणा मिरचीतही नाही आणि जिभेतही नाही. दोघांची गाठ पडते तेव्हा तो होतो. पोत्यात पडलेली मिरची कोणाला तिखट आहे?”

“पण पोत्यात पण ती मिरचीच आहे ना? काकडी तर नाही झाली!” आई म्हणाली.

बंधू-भगिनींनो, तत्त्वज्ञान सुरू होते ते असे. लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात हाच वाद घातला. वस्तूचा आकार वस्तूत असतो, पण रंग, चव, वास यांचे काय? आज विज्ञानाने मिरचीचे पुष्कळ कोडे उलगडले आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. आपल्या जिभेत आणि कातडीतही, चटका ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. कॅप्सेसिन त्यांनाच जागे करते, आणि विस्तव नसताना भाजल्यासारखे वाटते. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांच्या अंगात या द्रव्याने ही टोके जागी होत नाहीत, म्हणून पोपट निवांत. म्हणजे पोपटाबद्दल लेक बरोबर होती आणि हाताबद्दल आई बरोबर होती. पण एवढे कळूनही एक प्रश्न उरतोच. आपल्याला जग दिसते ते जसे आहे तसे दिसते, की आपल्या इंद्रियांना जमते तेवढेच? हे कोणत्याही प्रयोगशाळेत वजन करून सांगता येत नाही. त्यासाठी विचारच करावा लागतो. ज्ञान म्हणजे काय, ते खरे कशावरून, हा तत्त्वज्ञानातला पहिला मोठा प्रश्न. आणि त्याचा दरवाजा आईने उघडला, जिची शाळा चौथीत सुटली होती.

दुसरा मोठा प्रश्न मुलीनेच विहारात विचारला होता: ‘मी’ म्हणजे कोण? त्यासाठी आम्ही तिला मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट मानतात. नागसेन नावाच्या भिक्खूशी त्याची प्रश्नोत्तरे झाली, ती ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. नागसेन म्हणाले, “मला नागसेन म्हणतात, पण ते नुसते नाव आहे. आत कायमचा असा कोणी नाही.” राजाला हे पटेना. नागसेनांनी विचारले, “महाराज, आपण पायी आलात की रथातून?” “रथातून.” “मग रथ कुठला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ?” राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी मान्य करावे लागले की हे सगळे एकत्र आले म्हणजे आपण त्याला रथ म्हणतो.

वडील इतका वेळ बिडी ओढत ऐकत होते. म्हणाले, “आमच्या बापाची बैलगाडी होती. आधी चाकं बदलली, मग जू, मग आस. शेवटी जुनं काहीच उरलं नाही. तरी गाव तिला माझ्या बापाचीच गाडी म्हणायचं.” नागसेनांना भेटला असता तर त्यांनी या माणसाला जवळ बसवून घेतले असते.

मुलगी मात्र सहज सोडणारी नव्हती. “मग काल चोरी करणारा मी आणि आज पकडलेला मी, हे वेगळे ठरले तर शिक्षा कोणाला?” यावरही नागसेनांकडे दाखला आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, “याने जमिनीत लावलेले आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. मग मी चोर कसा?” राजाच म्हणाला, तरी तो दोषीच, कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच आले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाही दाखला आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, आणि अगदी वेगळीही नाही. ही उत्तरे पटली तर घ्यावीत, नाही पटली तर का नाही ते सांगावे.

पण आमच्या मनावर ठसली ती या संवादाच्या आधीची अट. राजा म्हणाला, “भन्ते, माझ्याशी चर्चा कराल का?” नागसेन म्हणाले, “पंडितांसारखी करणार असाल तर करू. राजांसारखी करणार असाल तर नाही.” राजाने फरक विचारला. नागसेनांनी सांगितले की पंडितांच्या चर्चेत कोणी गुंडाळला जातो, कोणी सुटतो, कोणाची चूक दाखवली जाते, पण त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक मत मांडतो, आणि विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने पंडितांची रीत कबूल केली, म्हणून तो संवाद झाला आणि दोन हजार वर्षे टिकला. हे सांगताना आमचीच जीभ अडखळली. विहारात त्या मुलीशी आम्ही राजासारखे बोललो होतो. राज्य नसताना!

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथे घडला. त्या कॉलेजाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला, उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतालच्या भूमीला. आमच्या अल्प मतीप्रमाणे विद्यार्थी कसा असावा हे त्या एका पाटीवरच लिहिलेले आहे. त्याने विचारावे, पटले नाही तर पुन्हा विचारावे, आणि पटले तर हार मानण्यात कमीपणा समजू नये.

इथे बाबासाहेबांच्या गुरूंची आठवण होते. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ शिकवायला होते. विचार कसा चालतो यावर ड्यूईंचे १९१० सालचे पुस्तक आहे. माणूस विचार करू लागतो तो काहीतरी अडल्यावर, असे त्यांचे म्हणणे. पायवाट सरळ असेल तर कोण थांबतो? फाटा आला की थांबून पाहावे लागते. म्हणून मुलांना आधी व्याख्या पाठ करायला लावणे म्हणजे तहान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतणे होय. आधी अडचण जाणवू द्यावी. मग ग्रीकांचा सॉक्रेटिस, आपला बुद्ध, चार्वाक, लॉक हे सगळे पुस्तकातली नावे राहत नाहीत, आपल्याच अडचणीवर डोके चालवणारी वडीलधारी माणसे वाटू लागतात.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. याने पोट भरते का? प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. खुद्द बुद्धानेही प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने हट्ट धरला की जग शाश्वत आहे की नाही हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. तेव्हा बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, उंच की बुटका, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे तो म्हणत बसला तर मरून जाईल. तेव्हा प्रश्न विचारावेत, पण कोणत्या प्रश्नाने बाण निघतो हेही पाहावे. आम्ही वडिलांना एवढेही सांगितले की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिमूल्यांवर एक स्वतंत्र पेपर आहे, आणि तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषयही घेता येतो. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरून काही पटल्यासारखे दिसले नाही.

मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “भाऊ, एक सांगा. आमच्या टोळीत एक म्हातारा हमाल आहे. तरण्या पोरानं दहा पोती टाकली तर त्याची पाच होतात. आजवर सगळे सारखं वाटून घ्यायचो. आता पोरं म्हणतात, ज्याची जितकी पोती त्याला तितके पैसे. खरं कोणाचं?”

आई लगेच म्हणाली, “आमच्यात तर किलोवरच मजुरी. तिथं म्हातारीला कोण पाहतं?”

मुलगी उठून जवळ येऊन बसली. म्हणाली, “बाबा, पोती मोजली तर पोरांचं बरोबर. पण म्हातारबाबानं तरुणपणी दहा टाकली, तेव्हा पाचवाल्याला सांभाळलं असेल ना? ती पोती कुठं मोजायची?”

ग्रीकांचा ॲरिस्टॉटल तेवीसशे वर्षांपूर्वी हेच सांगून गेला की वाटणी योग्यतेप्रमाणे व्हावी हे सर्वांना मान्य असते, भांडण होते ते योग्यता कशात मोजायची यावर. कष्टात? गरजेत? की माणूस म्हणून सगळे सारखेच? न्याय म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला तिसरा मोठा प्रश्न, आणि तो हमालांच्या टोळीत दर आठवड्याला हिशेबाला उभा राहतो. ज्यांना हा प्रश्न नीट मांडता येत नाही, त्यांचा हिशेब दुसरेच कोणीतरी करून टाकते. आमचे आजे-पणजे हे भोगून गेले. मागच्या जन्मीचे कर्म म्हणून ही गरिबी, असे त्यांना सांगितले गेले, आणि ते कशावरून, असे विचारण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी याच कारणासाठी मागील जन्माच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. तो मानला तर गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर उरतच नाही, असे त्यांनी दाखवले. मुलीचा प्रश्न कोणत्या ठिकाणी जाऊन भिडतो ते पाहा. तो पोटाचाच प्रश्न आहे.

वडिलांनी विषय बदलण्याचे पुन्हा काढले नाही. हो असेही म्हणाले नाहीत. “पाहू,” एवढेच म्हणाले.

त्या रविवारी वाचनाआधी आम्ही विहारात सर्वांसमोर सांगितले की त्या दिवशी या मुलीला गप्प बसवले ते चूक झाली, उत्तर आम्हालाच येत नव्हते. मग प्रास्ताविक वाचले. तेव्हापासून दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. नियम फार नाहीत. प्रश्नाला कोणी हसायचे नाही. “तुझ्या म्हणण्याचा अर्थ काय?” हे आधी विचारायचे, मग उत्तर द्यायचे. एखादे म्हणणे पटत नसेल तर त्याला न जुळणारे उदाहरण शोधायचे, जसे आईने हाताचे शोधले. मोठ्यांना येत नसेल तर त्यांनी तसे सांगायचे. शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. घरीही हे करता येते. जेवताना मुलाने विचारले, “आई, स्वप्नात असतो तेव्हा ते स्वप्न आहे हे का कळत नाही?” तर “गुपचूप जेव” म्हणण्याऐवजी “तुला काय वाटतं?” एवढे विचारून पाहावे. खर्च काही नाही.

मुलीच्या प्रश्नाचे काय झाले? ग्रंथात पुढे बाबासाहेबांचे उत्तर येते: शरीर ज्या द्रव्यांचे बनते ती नष्ट होत नाहीत, निसर्गातल्या द्रव्यांत मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. पुनर्जन्म असेल तर तो त्यांचा, आत्म्याचा नाही. ते आम्ही रविवारी वाचले. मुलीने लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाली, “काका, द्रव्यांचं कळलं. पण मग चांगलं का वागायचं, ते अजून नीट कळलं नाही.”

आम्ही बी.कॉम. झालेला माणूस. दिवस संपला की नावे आणि जमा जुळलेच पाहिजे, असे आम्हाला शिकवलेले. इथे ते जुळले नाही. पण कीर्द लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. बाकी राहिली म्हणून पान फाडायचे नसते, ती पुढच्या पानावर ओढायची असते. आम्ही तिला म्हणालो, “येत्या रविवारी यावरच बोलू. तू काय वाटतं ते लिहून आण.”

ती वहीत लिहून घेत होती. शेजारी तिची आईही बसली होती, हळद लावलेले हात पदरात घेऊन.